शिकवलेला हात

अन्याय झाला तो ज्ञानू साबळे यांच्यावर, गेल्या कार्तिकातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चार वाजता. पलटणीतून नाईक म्हणून पेन्शनीत आलेल्या या माणसाला आमच्या तालुक्याच्या खेळ-समितीने मैदानाच्या चुन्याच्या रेघेबाहेर काढलं. ठराव मी स्वतः वाचला आहे. 'खेळाडू हणमंता याचे अंगी उपजत गुण असून शिकवणुकीने ते बिघडण्याचा संभव आहे, सबब साबळे यांनी त्यास शिकवू नये.' स्वराज्य येऊन चार महिने झाले नाहीत आणि आम्ही शिकवण्यावर बंदी घातली! गोऱ्या साहेबालासुद्धा हे सुचलं नव्हतं.

ज्ञानू साबळे म्हणजे आमचे शेजारी, ज्ञानूतात्या. त्यांच्या घरी कधी गेलात तर हात मोकळे ठेवा. हा माणूस कुठलीही वस्तू हातात देत नाही, फेकतो. पानाची चंची, सुपारी, रिकामा तांब्या, सगळं सहा पावलांवरून येतं आणि तुमच्या ओंजळीत अलगद पडतं. नाही पडलं तर दोष तुमचा. त्यांच्या बायकोला, पारूकाकूंना, लग्नाला वीस वर्षं झाली तरी याची सवय नाही. "आवं, ओटीचा नारळ बी लांबनं टाकला ह्यांनी," त्या सांगतात. "बाई भ्याली, पळालीच की दारातनं!" दसऱ्याला गाव एकमेकांच्या हातात सोनं देतं. तात्या तेही फेकतात. आपट्याचं पान फेकलं की गिरक्या घेत भलतीकडेच जातं, म्हणून या गृहस्थाने नवरात्रभर अंगणात पानं फेकायचा सराव केला. दसऱ्याला आमच्या पाटलांच्या पागोट्यावर पान बरोबर बसलं. पाटील अजून बोलत नाहीत.

आणि 'जैसे थे!' परेडीत जवानाचं पाऊल चुकलं की हा हुकूम होतो: मागच्या जागी ये आणि पुन्हा कर. तात्यांनी तो घरी आणला. भाकरी फुगली नाही, जैसे थे. न्हाव्याने एक कल्ला वर घेतला, जैसे थे. माझ्या चुलतभावाच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती, लोक अक्षता टाकत होते, आणि मांडवाच्या मागून आरोळी आली, "जैसे थे!" भटजी गपकन थांबले. त्यांना वाटलं सोयरिकीत काही खोट निघाली. नवरीचा बाप रडायलाच लागला. तात्या पुढे येऊन म्हणाले, "लगीन चालू ठिवा. पर अक्षता समदी पंजानं फेकत्यात. बोटानं टाका. बोटानं!"

हे बोटांचं वेड त्यांनी आसामातून आणलं. तिथे त्यांच्या पलटणीशेजारी अमेरिकन गोऱ्यांची छावणी होती आणि ते लोक एक खेळ खेळत. उंच खांबाला लोखंडी कडं, त्यातून चेंडू टाकायचा. बास्केटबॉल त्याचं नाव. तात्या म्हणतात 'बास्कीट'. गुडघ्यात गोळी लागून घरी आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी विहिरीच्या मोटेचं कडं काढलं आणि मागच्या परड्यातल्या खांबाला ठोकलं. गाव बघायला लोटलं.

"वरनं टाकायचा आन् खालनं पडायचा?" आमच्या गणपाआबांनी विचारलं.

"व्हय."

"मग टाकायचा कशाला?"

तात्यांनी चेंडू उचलला. ते टाकत राहिले. गुडघा वाजतो, उडी येत नाही, उंची जेमतेम सव्वापाच फूट. पण उभ्या उभ्या दहा चेंडूंतले नऊ त्या कड्यातून जात आणि दहावा गेला नाही की ते स्वतःलाच दरडावत, "जैसे थे!"

आता हणमंता. तोच, ज्याच्या अंगी उपजत गुण आहेत. सहा फुटांचा गडी, उभ्या बैलगाडीवरून उडी मारून पलीकडे जाणारा. हे उपजत खरं, त्यात मी खोट काढत नाही. पण त्याच उपजत गड्याने पहिल्या दिवशी चेंडू टाकला तो कड्यावरून, खांबावरून, काकूंच्या छपरावरून थेट कोंबड्यांच्या खुराड्यात. दुसऱ्या दिवशीही तेच. काकूंच्या कोंबड्यांनी अंडी द्यायचं सोडलं. "गड्या, तुझं अंग वाघाचं हाय," तात्या त्याला म्हणाले, "पर हात म्हशीच्या खुरावानी हाईत."

मग शिकवणी सुरू झाली आणि तीन वर्षं चालली. तात्या हणमंताच्या बोटांना आणि तळव्याला ओली हळद फासत आणि चेंडू टाकायला लावत. मग लंगडत जाऊन चेंडू उचलत, डोळ्याशी धरून त्यावरचे पिवळे डाग वाचत. "पंजा लागला. जैसे थे." पुन्हा हळद, पुन्हा चेंडू. "करंगळी आधी सुटली. जैसे थे." पहाटे दोनशे, सांजचे दोनशे. गुरुवारी उजवा हात उपरण्याने कमरेला बांधायचा आणि दिवसभर सगळी कामं डाव्याने. हणमंताचा बाप तक्रार घेऊन माझ्याकडे आला. "आवं, पोरगं बैलाला डाव्या हातानं वैरण टाकतंय. बैल खात न्हाईत!"

तिसऱ्या वर्षी चेंडूवर फक्त बोटांच्या टोकांचे ठिपके उमटायला लागले. चेंडू कड्याला शिवतही नसे. ही बातमी साताऱ्यापर्यंत गेली, आणि मग खेळ-समिती जागी झाली.

समितीचे अध्यक्ष आबासाहेब. तालीम त्यांच्या पैशावर चालते आणि बैलांची पारख त्यांच्याइतकी पंचक्रोशीत कुणाला नाही. त्यांनी हणमंताचीही पारख केली. पाठीवर थाप मारली, पोटऱ्या दाबल्या, टाच उचलून पाहिली. दात बघतील की काय अशी मला भीती वाटली.

"अस्सल खिल्लार हाय," ते म्हणाले. "ह्याला शिकवायचं काय? खिल्लाराला पळाया कुनी शिकवतं का?"

"पळाया न्हाई," तात्या म्हणाले. "पर जुवाखाली चालाया शिकवता का न्हाई?"

समितीतली दोन माणसं हसली. तिथेच घात झाला. आबासाहेबांना बैलाच्या बाबतीत कुणी उलटून बोललेलं चालत नाही.

"नाईक, तुमचा गुडगा वाजतोय. तुमाला टीचभर उडी येत न्हाई. तुमी काय शिकवनार ह्याला? उलट तुमचं लंगडनं शिकंल त्यो."

 मी तात्यांच्या बाजूने बोललो, पण माझं कोण ऐकतो! ठराव झाला. रेघ आखली. हणमंताला समितीने ताब्यात घेतलं. दूध, बदाम, मालिश, आणि चेंडूला हात नाही, कारण सरावाने अंगातला जोम खर्च होतो म्हणे. तीन आठवड्यांनी सांगलीच्या संघाशी साताऱ्याचा सामना होता. तो जिंकला तर हणमंता माघात मुंबईला मोठ्या सामन्यांत खेळायला जाणार होता.

त्या तीन आठवड्यांत तात्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. परड्यात जायचं, कड्याखाली उभं राहायचं, परत यायचं. काहीही फेकेनासे झाले. पारूकाकू मला हळूच म्हणाल्या, "काल तंबाकूची पिशवी खाली ठिवली रं ह्यांनी. आजारी तर न्हाईत?"

सामन्याच्या दिवशी आम्ही दोघं सकाळच्या मोटारीने सांगलीला गेलो. मैदान कृष्णेच्या काठी. दोरीपलीकडे हळदीचे अडते, हमाल, पोरंसोरं अशी तोबा गर्दी. खेळ सुरू झाला आणि हणमंताने जी उडी घेतली, तिला सांगलीकरांनीसुद्धा टाळ्या दिल्या. चेंडू मात्र कड्यावर आपटून बाहेर आला. पुन्हा उडी, पुन्हा टाळ्या, पुन्हा बाहेर. पाच वेळा, सहा वेळा. आबासाहेब खुर्चीवरून सांगत होते, "रगत तापलं न्हाई अजून."

तात्या दोरीशी तळमळत होते. हातात काही नव्हतं म्हणून त्यांनी शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरचं मुंडासं उचललं, त्याचा गोळा केला आणि हणमंताकडे तोंड करून ते बोटांवर तोलून वर फेकलं. एकदा. दोनदा.

"आवं, माजं मुंडासं!" शेतकरी ओरडला.

"गप ऱ्हा, सरकारी काम हाय," तात्या म्हणाले, आणि मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं गरजले, "जैसे थे!"

हणमंता जागच्या जागी थांबला. त्याने दोरीकडे पाहिलं. मग स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, धोतराला पुसला. पुढचा चेंडू कड्याला न शिवता आत गेला. त्याच्या पुढचाही. दोन तर डाव्या हाताने. सातारा तीन गुणांनी जिंकला.

त्यानंतरचं भाषण ऐकून माझं डोकं फिरलं. आबासाहेबांनी हणमंताला हार घातला आणि सांगितलं, हे साताऱ्याच्या मातीचं तेज आहे, हा कृष्णेच्या पाण्याचा गुण आहे, ही जोंधळ्याच्या भाकरीची ताकद आहे, हे शिकवून येत नाही. मातीचं नाव घेतलं, पाण्याचं घेतलं, जोंधळ्याचंही घेतलं. माणसाचं घेतलं नाही. मी ठरवलं, तात्यांना धरून व्यासपीठावर चढवायचं, मग होईल ते होवो. वळून बघतो तर तात्या नाहीत.

गर्दीतून ते लंगडत बाहेर पडलेले दिसले. मी मागे धावलो. हळदीच्या पेठेतून ते एका बोळात शिरले आणि एका बुटक्या घरापुढे थांबले. उंबऱ्यावर एक म्हातारी सुपात हळकुंडं घेऊन निवडत बसली होती.

"आलास, ज्ञानू?" ती म्हणाली. "बस. कसा खेळला आज माझा?"

मला वाटलं ही हणमंताची कोणी नातलग. तात्या तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"पयल्यांदा लय चुकला, अम्मा. हात जड पडला हुता. मग आला वळनावर."

"डाव्या हातानं टाकला?"

"टाकला की. दोनदा. कड्याला धक्का न्हाई."

म्हातारी हसली. "ल्हानपनी असाच टाकायचा. चिंचेचं आकडं खडा मारून पाडायचा, आन् लोकाची कौलं फोडायचा. किती भांडनं केली मी त्याच्यापायी." मग तिने सूप बाजूला ठेवलं. "बोटं कशी हुती, दाव."

तात्यांनी दोन्ही हात वर केले आणि रिकाम्या हवेत, सावकाश, चेंडू टाकून दाखवला. म्हातारी बघत होती. तिने त्यांना तो पुन्हा टाकायला लावला. तात्यांनी टाकला. अंधार पडेपर्यंत, एकेक करत, त्या दिवशीचे सगळे चेंडू त्यांनी तिला टाकून दाखवले. आत गेलेलेही आणि चुकलेलेही.

परतीच्या मोटारीची वाट बघताना मी विचारलं. तिचा मुलगा बाबालाल, सांगलीच्या हळदवाल्यांतला, तात्यांच्या पलटणीत त्यांच्या शेजारच्या खाटेवर. गोऱ्यांचा खेळ त्याने लांबून दोन दिवस पाहिला आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यात जाऊन त्यांनाच हरवलं. ज्या माऱ्यात तात्यांच्या गुडघ्यात गोळी लागली, त्यातच तो गेला.

"त्याला कुनी शिकवलं न्हवतं," तात्या म्हणाले. "मी इचारायचो, कसं टाकतोस रं? तर हसायचा. म्हनायचा, टाकतो. त्याला सोताला ठावं न्हवतं. मग मीच बघत बसायचो. कंचं बोट आधी, कंचं मागनं. दीड वरीस नुसतं बघितलं."

मी चिडलो. तीन वर्षं या माणसाने मला ऐकवलं होतं की उपजत-बिपजत सगळं झूट आहे. त्यासाठी मी लोकांशी भांडलो होतो. "म्हणजे उपजत असतं तर?"

"असतं की," तात्या म्हणाले. ते रस्त्याकडे बघत होते. "पर त्ये मानसासंगं जातं रं. म्हातारीला काय दावू मी? फोटू बी न्हाई. हनम्याचा हात तेवढा हाय. त्यो बी आता बिघडाया लागला. आज बघितलास न्हवं? म्हैना-दोन म्हैने असंच गेलं तर काय बी ऱ्हायचं न्हाई त्यात."

मी म्हटलं, पत्रक काढतो, सगळं लिहितो. ते म्हणाले, "माजं नाव नगं घालूस. त्याचं घाल."

त्यांचं ऐकलं नाही. या पत्रकात दोन्ही नावं घातली आहेत.

आता तुम्हाला सांगतो. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता कोरेगावात, शाळेच्या पटांगणात खेळ-समितीची सभा आहे. हणमंताला मुंबईला पाठवण्याचा ठराव तिथे येणार आहे आणि ज्ञानू साबळे यांना बाहेर ठेवण्याचा ठराव तिथेच कायम होणार आहे. तुम्ही या तालुक्यात राहत असाल तर या. हार आणू नका, घोषणा देऊ नका. आबासाहेब भाषणाला उभे राहतील, माती म्हणतील, पाणी म्हणतील, मग 'उपजत' म्हणतील. त्या क्षणी तुम्ही उठा आणि मोठ्याने विचारा, "बाबालाल कोण होता, आणि त्याचा हात हणमंताला कुणी दिला?" उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.