सुरक्षिततेसाठी एक माप वर

कोणतीही वस्तू उडवण्यापूर्वी तिच्यावर साधकबाधक चर्चा होणे, हे प्रगत समाजाचे लक्षण आहे. (पक्ष्यांत ही सोय नसल्याने ते अजून झाडावर राहतात.)

या दृष्टीने गावातल्या हौशी विमान मंडळाचं कौतुक करावं तेवढं थोडंच. सभासद सत्तेचाळीस, उपसमित्या नऊ, गेल्या वर्षी उडालेली विमानं दोन. पैकी एक वादळात, विनापरवाना.

गावातला घड्याळजी या मंडळात नवा. रविवारचे रविवार खपून त्याने हलक्या लाकडाचं, मीटरभर पंखांचं विमान बनवलं होतं. घाई एवढ्याचसाठी, की वडिलांची नजर झपाट्याने जात होती. "जे दाखवायचं ते तीन महिन्यांत दाखवा," असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि वडिलांचं एकच टुमणं: "ते तुझं उडताना बघू दे रे एकदा. मग काय व्हायचं ते होवो."

विमानाच्या नकाशावर स्पष्ट छापलं होतं, इंजिन अडीच सीसीचं. पण मंडळाच्या नियमानुसार इंजिनाला तीन जाणकारांच्या सह्या लागतात, आणि प्रत्येक जाणकाराने आधीच्या आकड्यात, सुरक्षिततेसाठी, एक माप वाढवायचं असतं. (न वाढवलं तर तो जाणकार कसला?)

दाताच्या डॉक्टरांनी चार सीसी लिहिलं. निवृत्त कॅशियरने साडेसहा केलं. त्यांनी जन्मात विमान उडवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई. अध्यक्षांनी दहा केलं. "अहो, ताकद जास्त झाली म्हणून काय बिघडतं? कमी पडली तर मंडळाची अब्रू जाते!"

दहाचं इंजिन नाकात मावेना, म्हणून नाक मोठं केलं. इंजिनाच्या वजनाने विमान पुढे झुकलं, म्हणून शेपटीत शिसं भरलं. शिशाने पंख वाकले, म्हणून लोखंडी पट्ट्या ठोकल्या. आता एवढा भार दहा सीसीला झेपणार नाही, हे अध्यक्षांनी एका नजरेत ओळखलं. (अनुभव म्हणतात तो हाच.) सह्यांची नवी फेरी सुरू झाली.

"साहेब, सगळं काढून अडीचचंच बसवू का?" घड्याळजी रडकुंडीला आला. "वडील रोज विचारतात हो."

"आणि कोसळलं तर? वडिलांना ते दाखवणार?"

घड्याळजीकडे उत्तर होतं, पण विषयपत्रिकेत त्याला क्रमांक नव्हता.

पाचव्या महिन्यात विमान सज्ज झालं: वीस सीसी, सहा सह्या, एक शिक्का. मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. विमान प्रचंड गरजत धावलं, धावपट्टी संपली, गवत संपलं, आणि ते कुंपणात शिरून थांबलं. खुर्चीवर बसलेल्या वडिलांची मान आभाळाकडे होती.

"उडालं का रे?"

"उडालं, बाबा," घड्याळजी म्हणाला. त्याला स्वतःचीच चीड आली.

अहवालात मंडळाने निष्कर्ष नोंदवला: इंजिन एक माप लहान पडले.

ही हकीकत ऐकून लोक हळहळतात, आणि पाठोपाठ विचारतात, "पण अडीच तरी पुरलं असतं का हो? वारा असता तर?" "उडालं" ऐकून वडील काय म्हणाले, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. मंडळाला तुमची सही चालेल.