तूप – न. शे.

प्रकाशा गावच्या धुडकू पाटलांनी मुलीच्या साखरपुड्याला वरण-बट्टीचं जेवण घातलं, आणि होणारे व्याही सुकलाल पाटील पानावर बसायच्या आधी तुपाच्या डब्यापाशी गेले. शेल्टी गावच्या या गृहस्थांना डब्यावरची खूण वाचून तूप कुठलं ते सांगायची खोड. खेड्यांत वनस्पती तूप आल्यापासून तर त्यांना ऊतच आला होता. अक्कल बेताची, पण मिशा भरघोस. म्हणून लोक ऐकून घेत.

झाकणावर काळ्या रंगात अक्षरं होती: 'तूप – न. शे.'

"न शे!" सुकलाल ओरडले. "तूप नही शे! यापारीनी खुद लिखी ठेयेल शे!"

"याहीबुवा, आसली शे हो," धुडकू काकुळतीला आले.

सुकलालांनी बोट बुडवून चाटलं आणि थुंकले. "कितला वास मारस! मन्हा घरना तूपले बिलकुल वास नही. उठा रे! जशं तूप, तशी पोरगी!"

शेल्टीची मंडळी उठली. आत मुलगी रडू लागली. धुडकूंनी टोपी काढून व्याह्यांच्या पायाशी ठेवली, तर हा शहाणा ती ओलांडून निघाला!

तूप विकणारे लोटन शेठ पंगतीतच होते. ते उष्ट्या हातानं धावले. "भाऊ, जेन्हं तूप, तेन्हं नाव नि गाव मी डबावर लिखस. बनावटी निंघनं ते धनी सापडाले पाह्यजे ना?"

"मंग कोन शे हाऊ न. शे.?"

"बाई शे. नाव सांगू नको, आशी आन घालेल शे तिनी."

"सांग! तिन्हा नवराले पंचमा उभा करसू!"

बायकांच्या घोळक्यातून पदर सावरत खुद्द सुकलालांच्या पत्नी उठल्या. "नवलबाई, शेल्टी. करा उभा."

सुकलालांची मिशी थरथरली. "तू घरनं तूप इकस? मंग मन्हा ताटमा काय वाढस?"

"वनस्पती. तुम्हीच ते म्हनतस, आसं तूप पंचक्रोशीमा नही."

हसता हसता धुडकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी टोपी उचलून झटकली, डोक्यावर घातली आणि व्याह्यांना हाताला धरून पाटावर बसवलं. सुकलाल बट्टी कुस्करू लागले. वाढप्यानं तुपाचा गडू पुढे केला.

"जपी वाढ रे भो," नवलबाई म्हणाल्या, "तेस्ले आसली तूपनी सवय नही शे."