चार वाऱ्यांचं मंत्रिमंडळ

त्या वर्षीच्या निवडणुकीत इटलीत चार वारे निवडून आले आणि एकालाही बहुमत मिळालं नाही. उत्तरेचा थंडगार त्रामोन्ताना, दक्षिणेकडून वाळवंटाची धूळ घेऊन येणारा सिरोको आणि पूर्वेची सोसाट्याची बोरा, असे तीन मोठे पक्ष. चौथा पोनेंतीनो, म्हणजे दुपार कलल्यावर समुद्रावरून रोममध्ये येणारी झुळूक. त्याच्या जागा इन मिन दोन, त्यामुळे त्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं.

सरकार जुळवायचं काम राष्ट्राध्यक्षांनी ओर्नेला बात्तिस्तिन यांच्यावर सोपवलं; जुळलं तर पंतप्रधानही त्याच होणार होत्या. ओर्नेलाबाईंनी उभा जन्म दुसऱ्यांची सरकारं जुळवण्यात घालवला होता. तडजोड झाली की फोटोच्या वेळी कुणीतरी त्यांना जरा बाजूला व्हायला सांगे. मंत्रिमंडळाच्या बैठकीत पंतप्रधान जी छोटी घंटा वाजवतात, ती एकदा आपल्या हाताने वाजवावी, एवढीच त्यांची इच्छा होती. पण याच कामावर त्यांच्या आधी नेमलेले दोघे हात हलवत परतले होते, आणि आता जमलं नाही तर पुन्हा निवडणुका, असं राष्ट्राध्यक्षांनी बजावलं होतं. तसं झालं तर या वयात बाईंना पुन्हा कोण विचारणार?

बाई मात्र मोठ्या वस्ताद. वाऱ्यांशी बोलणी दारं लावून करायची नसतात, हे त्यांनी लगेच ओळखलं. त्यांनी दालनाच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, केसांना रुमाल बांधला आणि एकही कागद न घेता बसल्या.

सिरोकोला अर्थखातं हवं होतं.

"याच्या हाती तिजोरी दिली, तर उघडल्यावर आत वाळू निघेल," बोरा म्हणाली.

"आणि हिच्या हाती दिली, तर तिजोरीच सापडायची नाही," सिरोको म्हणाला.

बाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं. सिरोकोचं परदेशातून रोजचंच येणंजाणं, म्हणून त्याला परराष्ट्र. बोराला संरक्षण, त्रामोन्तानाला गृह. अर्थखातं त्यांनी गुपचूप स्वतःकडे ठेवलं. बाकीच्या दोघांना बाईंनी गुंडाळलं, असं समजून तिघेही खूश होते. असं काम पाहिलं की आपण तर बुवा टोपी काढतो.

घोडं अडलं ते शपथविधीत.

"शपथ घेताना मंत्र्याने स्थिर उभं राहायचं असतं," राजशिष्टाचार अधिकारी ताल्यापिएत्रा नम्रपणे म्हणाले. "वरच्या झुंबराचा एक लोलक जरी वाजला, तरी शपथ बाद. नंतर कधी वाजला, तर सरकार बाद."

"पण वारा थांबला तर वारा राहत नाही," त्रामोन्ताना म्हणाला.

"तो राजीनामा धरण्यात येईल," ताल्यापिएत्रांनी सांगितलं.

बाईंनी क्षणभर झुंबराकडे पाहिलं. मग तिघांना आपापल्या दिशेला उभं केलं. "आता वाहा एकमेकांच्या अंगावर. मुळीच हात राखू नका." त्रामोन्ताना आणि सिरोको समोरासमोर असे भिडले, की दोघेही जागच्या जागी अडले. पण बोरासमोर कुणीच नव्हतं. झुंबर खणखणत पश्चिमेकडे कललं आणि राष्ट्राध्यक्षांचा चष्मा उडाला.

"मी संध्याकाळपर्यंत थांबतो," चाचपडत ते म्हणाले.

बाई तशाच निघाल्या. पोनेंतीनो रोमच्या जुन्या त्रास्तेवेरे वस्तीतल्या एका गल्लीत फिलोमेनाबाई नावाच्या म्हातारीच्या चादरी वाळवत होता.

"आजोबा, आमची पश्चिमेची बाजू रिकामी आहे."

"बोरासमोर मी? पोरी, माझ्याच्याने मेणबत्तीसुद्धा विझत नाही."

"तिच्यासमोर आजवर कुणी उभंच राहिलेलं नाही. तुम्ही नुसते उभे राहा. खातं कुठलं देऊ?"

"खातंबितं नको. फायली उचलवत नाहीत. पण दुपार कलली की तासभर मला इथे यावं लागेल."

"मी सरकारं पुष्कळ पाहिली," तोंडातला चिमटा काढत फिलोमेनाबाई म्हणाल्या. "चादर ओली राहिलेली मला चालत नाही."

ओर्नेलाबाईंनी मनाशी हिशेब केला. हा गेला की पश्चिम रिकामी, झुंबर कलणार आणि सरकार पडणार. जन्मभर वाट पाहिलेली घंटा हाती येणार होती, आणि रोज दुपारी परत ठेवावी लागणार होती. त्यांना वाईट वाटलं.

"कबूल," त्या म्हणाल्या. "सरकार पडलं तर पडू दे. चादरी वाळल्या की पुन्हा शपथ घेऊ."

संध्याकाळी म्हातारा पोनेंतीनो दालनात येऊन बोरासमोर उभा राहिला. बोराने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जन्मात पहिल्यांदा आपला जोर आवरता घेतला. चार दिशांनी चौघे वाहत होते आणि मधोमध झुंबर निश्चल होतं. शपथा झाल्या. बाईंनी घंटा वाजवली, जरा जास्तच वेळ वाजवली, आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

ते सरकार अजून आहे. इतकं टिकाऊ सरकार पाहिलं नाही, असं विरोधकही कौतुकाने म्हणतात. दुपार कलली की ते पडतं. ताल्यापिएत्रा तशी नोंद करतात, बाई घंटा टेबलावर ठेवतात आणि त्रास्तेवेरेला जातात, कारण मोठी चादर एकट्या माणसाला घडी घालता येत नाही. शेवटची चादर वाळली की त्या आपल्याकडची दोन टोकं फिलोमेनाबाईंच्या हातात देतात आणि शपथ घ्यायला निघतात.