नीलाक्काची गॅरंटी

नीलाक्कानं जमवलेल्या लग्नात काही बिघाड झाला, की ती स्वतः घरी येते. नळ गळायला लागल्यावर प्लंबर येतो तशी. आधी फोन नाही, वेळ ठरवणं नाही. दारात चपला काढता काढता आतल्या माणसांचे चेहरे बघून घेते, पदर खोचते आणि विचारते, "कुणापासून सुरू करू?"

सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आमच्या बाजूच्या लिंगायत घरांतली निम्मी लग्नं आपण जमवली असं तिचं म्हणणं आहे. उरलेली निम्मी 'आपापली जमलेली, ती गॅरंटीत बसत नाहीत.' माझं लग्न गॅरंटीतलं. नवी नवरी असताना टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा यावरून माझं आणि महेशचं कडाक्याचं वाजलं, आणि सासूबाईंनी परस्पर नीलाक्काला कळवलं. ती आली. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मागून घेतली, खाता खाता महेशला झापलं, मग मला झापलं, हात धुतले आणि म्हणाली, "जुळवून घ्या की! एवढं काय हाय त्यात?" भांडण खरंच मिटलं, कारण पुढचे कित्येक दिवस आम्ही दोघं एकदिलानं तिलाच नावं ठेवत होतो.

'जुळवून घ्या की' हे तिचं सगळ्या रोगांवरचं औषध. नवरा चिडका असो, सासू खाष्ट असो, सून मोबाइलवर असो, डोस तोच. कुणी मध्येच काही सांगायला लागलं, की कन्नडमधून 'सुम्मनिरु!' म्हणजे गप बस. मीही तिच्या त्या 'सुम्मनिरु'खाली लहानाची मोठी झाले, कारण ती माझ्या आईची मैत्रीण आणि माहेरची जिन्यापलीकडची शेजारीण; माझं सासरही त्याच गल्लीत.

मग एका दुपारी तिची गौरी करमाळ्याच्या एसटीतून बॅग घेऊन उतरली आणि घरी येऊन मागच्या खोलीत बसली. गौरी ही तिची एकुलती एक लेक. तिचं लग्न अर्थातच नीलाक्कानंच जमवलेलं, अगदी हात लावून पारखून. नवरा हात उचलतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. गौरीनं फोन केले होते. पण ती 'आई, ऐक ना' म्हणायची आणि पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत नीलाक्काचं औषध सुरू व्हायचं. दोनदा ती घरी आली होती, दोन्ही वेळा नीलाक्कानं स्वतः स्टँडवर नेऊन तिला परतीच्या गाडीत बसवलं होतं. या वेळी अंगावरच्या वळांनीच सगळं सांगितलं आणि गौरी कायमची आली. इथंच एका शाळेत तिनं नोकरी धरली. आईशी बोलायची ते 'गॅस संपलाय' आणि 'डबा घेतला' एवढंच.

आमच्या गल्लीला नवीन विषय मिळाला. घरचं लग्न टिकवता आलं नाही आणि लोकांची जमवते, असं बायका ओट्यावर बसून म्हणू लागल्या. मुद्दाम तिला ऐकू जाईल अशा बेतानं. कुणीतरी तिला सुचवलंही, की नीलाक्का, वय झालं, आता स्थळं बघणं बंद करा आणि देवाचं बघा.

"देवाचं देव बघतोय," नीलाक्का म्हणाली, "मी शिकायला चाललेय."

आणि आली ती थेट माझ्या वर्गात. मी कॉलेजात विवाह आणि कुटुंब समुपदेशनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम शिकवते. नीलाक्काजवळ कुठल्याशा जुन्या काळी घेतलेली बीएची पदवी होती, ती तिनं ट्रंकेतून काढली. प्रवेशाच्या खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "आजी, नात कुठाय?" त्याला तिनं जे कन्नडमधून ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

वर्गात मी तिला 'तुम्ही' म्हणायचं आणि तिनं मला 'मॅडम', असं ठरलं. तिचं 'मॅडम' पहिल्या पाच मिनिटांत संपलं. "स्वाते, ही मोडनिंबची पोरगी पाटलांच्यातली व्हय गं?" बाकीची मुलं विशी-बाविशीतली. आठवडाभरात तिला प्रत्येकाची उंची, गाव, मामाचं गाव आणि कांदा-लसूण चालतो का, हे सगळं पाठ झालं होतं. मुलं तिच्यावर फिदा. माझा जीव मेटाकुटीला.

आमच्या विद्येचा पहिला नियम असा, की सल्ला द्यायचा नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, त्याचं त्याला उमगू द्यायचं. हे ऐकून नीलाक्का माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी स्वयंपाकाच्या वर्गात चूल पेटवायला बंदी केली होती. "मग लोक आपल्याकडं येतात कशाला? गप बसायला त्यांच्या घरी जागा न्हाई व्हय?" तरी तिनं प्रयत्न केला. सरावाच्या वेळी ती तोंडात लवंग धरून बसायची, दातांत काहीतरी असलं की जीभ आवरते म्हणून.

दुसरा नियम मी शिकवला तो असा, की आपल्या घरच्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नाही. तास सुटल्यावर मुलं गेली, नीलाक्का बाकावरच बसून राहिली.

"मग मी आले कशाला गं?" ती म्हणाली.

तिला कशासाठी शिकायचं होतं हे मला तेव्हा कळलं. गल्लीला दाखवायला नाही आणि गिऱ्हाईक टिकवायलाही नाही. मागच्या खोलीतल्या पोरीशी बोलायचं कसं, एवढंच तिला शिकायचं होतं. मला फार वाईट वाटलं. पण नियम तो नियम, मी म्हटलं, समुपदेशक म्हणून तुला गौरीशी नाही बोलता येणार.

ती उठली, पदर खोचला. "मग आई म्हणून बोलीन. त्याला तुझी सही लागत न्हाई."

सरावाच्या परीक्षेला खरं जोडपं असतं आणि मी कोपऱ्यात बसून बघते. नीलाक्कापुढं आलं ते एक तरुण जोडपं, एकमेकांकडं पाठ करून बसलेलं. नीलाक्कानं लवंग दातांत धरली. सुरुवात सुरेख झाली. ती ऐकत होती, मान हलवत होती, मला भरून यायला लागलं होतं. इतक्यात ती मुलगी म्हणाली, "मला याच्याबरोबर राहायचंच नाही. संपलं."

इतक्या वर्षांची सवय. नीलाक्काचा हात आपोआप स्थळांची वही काढायला पिशवीत गेला. "शिक्षण किती झालंय तुझं? अकलूजला एक चांगला मुलगा हाय, पहिली गेलेली, शेती बागायती. उंची बरोबर बसंल." मग कुणावर अन्याय नको म्हणून नवऱ्याकडं वळली, "आणि तुला पण बघू की. बार्शीची एक हाय, घटस्फोटितच, पण स्वभावानं लई गरीब."

दोघांनी कित्येक दिवसांनी एकमेकांकडं बघितलं असावं. नवरा उठला, बायकोची पर्स उचलली आणि म्हणाला, "चल गं." दोघं एकत्र बाहेर पडली, जिन्यावरून त्यांचा एकत्रच वैतागलेला आवाज येत होता.

"बघितलंस?" नीलाक्का लवंग चावत म्हणाली. "संगट गेली की!"

मी तिला नापास केलं. तिनं वर्गात, व्हरांड्यात आणि माहेरच्या जिन्यात माझ्याशी भांडण काढलं. "तुझं लग्न मी जमवलं, त्याला किती मार्क?" मी बधले नाही. ती पण बधली नाही, पुन्हा परीक्षेला बसायचा अर्ज तिनं त्याच दिवशी भरला.

याच सुमारास समाजाचा वधू-वर परिचय मेळावा आला. दर वर्षी माइक नीलाक्काच्या हातात असतो. मुलामुलींची नावं पुकारायची, लाजणाऱ्यांना ढकलून पुढं काढायचं, हे काम तिचं. यंदा अध्यक्षांनी गोड आवाजात सांगितलं, की ताई, तुम्ही यंदा खाली पाहुण्यांत बसा, लोक विचारतात, बरं दिसत नाही.

ती ठेवणीतलं इरकल नेसून आली आणि सरळ स्टेजवर चढली. मी तिसऱ्या रांगेत होते. माइक सुरू करायला उभ्या असलेल्या पोराच्या हातातून तिनं तो घेतला.

"मला वळखता तुमी," ती म्हणाली. "माझी पोरगी नांदायला गेली हुती, ती माघारी आली. लोक विचारतात म्हणं. मग विचारा की! तिनं मला फोन केला, मी म्हणलं जुळवून घे. घरी आली, मी हातानं गाडीत बसवून परत पाठवली. तिकडं मार खायला. ती माघारी आली ह्याची मला लाज वाटत न्हाई. मी पाठवली, ह्याची वाटती."

अध्यक्ष पुढं होऊन माइक मागायला लागले. "सुम्मनिरु!" नीलाक्कानं माइकवरूनच सांगितलं, सगळ्या मंगल कार्यालयात घुमलं.

"आज पोरगी द्यायला आलेल्यांनी पोरीला आधी सांगा, आपल्या घराला तुझ्यासाठी कडी न्हाई. हे सांगायला ज्यांची जीभ जड हुती, त्यांनी माझ्याकडं स्थळ मागू नये. हां. आता बार्शीचा मुलगा, इंजिनिअर, या वर. लाजू नका."

मग मागच्या रांगेतली एक म्हातारी टाळ्या वाजवू लागली आणि तिच्यामागून पोरीबाळी. बार्शीचा इंजिनिअर घाबरत घाबरत वर आला. मी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की महेशनं माझा हात धरला.

त्या भाषणाचा व्हिडिओ संध्याकाळच्या आत सगळ्या सोलापूरभर फिरला. म्हणजे गौरीच्या शाळेतही.

पुढच्या रविवारी नीलाक्कानं मला जेवायला बोलावलं होतं, म्हणजे मार्कांवरून भांडायला. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. गौरी मागच्या खोलीतून आली आणि दारात उभी राहिली.

"माइकवरून सगळ्या गावाला सांगितलंस," गौरी म्हणाली. "मला सांगितलंस का कधी?"

भाकरी थापायचा आवाज थांबला. मी मनात म्हटलं, आता सुरू होणार हिचं. बोलायला तोंड उघडलंही नीलाक्कानं, मला बाजूनं दिसत होतं. पण तिनं ते मिटलं.

गौरी बोलायला लागली. त्यानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा काय झालं होतं. फोन लावायला ती गच्चीवर का जायची. परतीच्या गाडीत खिडकीतून आई दिसेनाशी होईपर्यंत ती काय विचार करत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास बाहेरपर्यंत आला. नीलाक्कानं गॅस बंद केला आणि पिठाचे हात मांडीवर ठेवून खाली बसली, मान वर करून पोरीकडं बघत.

"तू मला परत पाठवायला नको होतंस," गौरी म्हणाली.

"नको हुतं," नीलाक्का म्हणाली.

पुढं तिनं काही जोडलं नाही. परिस्थिती नाही, लोक नाहीत, गौरीचे वडील लवकर गेले हेही नाही. गौरी दाराला टेकून हळूहळू खाली बसली आणि बोलत राहिली. मी चपला हातात घेतल्या आणि आवाज न करता जिना उतरले.