वाजवी वेळ आणि ऑफिसची शिडी

"आज त्या वाक्याचा निकाल लावतो की नाही बघ!" शंकासुरानं चहा पिता पिता बायकोला ऐकवलं.

"आधी गिझर कोणी चालू ठेवला त्याचा निकाल लाव," बायको म्हणाली.

शंकासूर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कोणी "दार लावलं" म्हटलं की "पूर्ण लावलं का?" असं विचारणाऱ्या माणसाला ऑफिसनं दुसरं काय म्हणावं? त्याची कंपनी नेटवर्कवरच्या साठवणीचे नियम लिहायची. फायली एका सर्व्हरकडे, वापरणारे संगणक शेकडो. फाईल ज्याच्या हाती त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी गप थांबायचं. सगळं ठीक होतं, पण नियमांच्या नव्या मसुद्यात एक वाक्य होतं: "फाईल घेतलेला संगणक उत्तर देईनासा झाला, तर सर्व्हरनं वाजवी वेळ थांबून ती दुसऱ्याला द्यावी."

"वाजवी म्हणजे किती, मॅडम?" हे विचारून विचारून त्यानं विभागप्रमुख मॅडमचं डोकं खाल्लं होतं. शेवटी मॅडम कावल्या. "मसुदा आज सहाला बाहेर जातोय. चारच्या मीटिंगला तुझं वाक्य आण. नाही आणलंस तर आहे तेच जाईल, आणि पुढच्या मसुद्यावर तू नसशील!"

आता आली का पंचाईत! पण शंकासुराच्या डोक्यात किडा वळवळलाच. ऑफिसात शिडी एकच आणि ती मागणारे सतरा. त्यानं स्टोअरवाल्याकडून दिवसभरासाठी शिडीचा ताबा घेतला आणि सगळ्यांना मेसेज टाकला: "आज शिडी म्हणजे फाईल, मी म्हणजे सर्व्हर. मी विचारल्यावर जो उत्तर देणार नाही, त्याची शिडी मोकळी धरली जाईल."

जेवणानंतर मॅडमचाच मेसेज आला: "शिडी सर्व्हर-रूममध्ये नेतेय." शंकासूर हरखला. खुद्द मॅडम प्रयोगात!

थोड्या वेळानं इलेक्ट्रिशियन आला. "साहेब, शिडी द्या. बाहेरच्या ट्यूब बदलायच्यात."

शंकासुरानं मॅडमना मेसेजवर विचारलं, "शिडी लागतेय अजून?" उत्तर नाही. कपातला चहा संपेपर्यंत थांबून पुन्हा विचारलं. तरी नाही.

"चहाभर थांबलो. वाजवी झालं की!" तो खूश होऊन म्हणाला. "सर्व्हर-रूममध्ये असेल, घेऊन जा."

चार वाजले. सगळे जमले, फक्त मॅडमचा पत्ता नाही. "सुरू करू या, येतील," असं म्हणत शंकासूर फळ्याशी उभा राहिला. "मंडळी, नियम साधा आहे! जो उत्तर देत नाही, तो नाहीच असं धरायचं!"

"मी आहे!" छतातून आवाज आला.

सगळ्यांनी माना वर केल्या. छताच्या जाळीआड धुळीनं माखलेला एक चष्मा दिसला. जुन्या डिस्क शोधायला मॅडम सर्व्हर-रूमवरच्या पोटमाळ्यावर चढल्या होत्या, फोन टेबलावर ठेवून. खाली सर्व्हरचे पंखे असे घोंघावत होते की त्यांच्या हाका कोणाच्या कानी जाणार? शेवटी बिचाऱ्या रांगत रांगत मीटिंग-रूमच्या डोक्यावर पोचल्या होत्या.

"माझी शिडी कोणी नेली?"

शंकासुरानं इलेक्ट्रिशियनला फोन लावला, तोही उचलेना! "दोनदा रिंग दिली, मॅडम. नियमाप्रमाणे आता काढून घेतो!" तो दाराकडे धावला.

"थांब, गाढवा!" मॅडम वरून ओरडल्या. "तो वर चढलेला असेल तर? आधी बघ, मग काढ!"

तो खरंच वर होता, दोन्ही हातांत ट्यूब धरून.

ट्यूब लागल्यावर शिडी परत आली. मॅडम सर्व्हर-रूममध्ये उतरून शिडीसकट फळ्यापाशी आल्या तेव्हा त्यांच्या केसांत जळमटं होती. त्यांनी मार्कर उचलला आणि फळ्यावर लिहिलं: "काढून घेण्याआधी वर कोणी आहे का ते बघावं."

एवढ्यावर गप्प बसेल तो शंकासूर कसला! "पण मॅडम," त्यानं अगदी मनापासून विचारलं, "नेटवर्कवर सर्व्हरला 'वर' दिसणार कसं?"

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, मग शिडीकडे. "चढ. सुचेपर्यंत शिडी माझ्या ताब्यात."

पोटमाळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन शंकासूर बसला. खरं सांगायचं तर त्याला तिथं बरंच वाटलं, जाब विचारायला कोणी नव्हतं ना! खाली शिडी राहते की जाते याचीच तेवढी धाकधूक होती. मग त्याला वाटलं, आपण अधूनमधून ओरडत राहिलो तर? आणि एकदम डोक्यात लख्ख उजाडलं. तो जाळीकडे रांगला.

"मॅडम, सुचलं! सर्व्हरनं विचारत बसायचंच नाही! ज्याच्याकडे फाईल आहे, त्यानंच ठरलेल्या वेळानं 'मी आहे' असं कळवत राहायचं! कळवणं थांबलं, की फाईल मोकळी! आणि तो वेळ फाईल देतानाच आकड्यात ठरवायचा!"

"झकास!" मॅडम म्हणाल्या. "हेच जाईल. पाठव रे!" त्यांनी खालच्या एकाला फर्मावलं.

वर शंकासुराला आनंदानं उड्या माराव्याशा वाटल्या, पण छत बुटकं होतं. खाली टाळ्या वाजल्या, खुर्च्या सरकल्या, कोणी तरी "चला, आज चहा माझ्याकडून!" म्हणालं. पावलं लांब गेली. दार लागलं. पूर्ण लागलं.

"मी आहे!" शंकासूर म्हणाला. थोडं थांबून, जरा मोठ्यानं, "मॅडम, मी आहे!"