शेऱ्याचा रकाना

आमचे शेजारी शिवलिंगअप्पा एकाच कादंबरीतली वाक्यं जमवतात. आख्ख्या अहमदपुरात हा नाद दुसऱ्या कुणाला असेल, असं मला वाटत नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले रकान्यांचे कागद रद्दीत निघाले. तहसील कचेरीत कारकून असलेल्या अप्पांनी साहेबांना विचारून ते गठ्ठ्यानं घरी आणले. 'तपशील' या रकान्यात कादंबरीतलं वाक्य, 'कारण' या रकान्यात त्याचा अर्थ. शेवटचा 'शेरा' मात्र कोरा. "तो वाचणाऱ्यानं भरायचा," असं ते सांगायचे.

त्या साली दुष्काळ होता. टँकरच्या रांगेतून कुणी हलणार नाही हे ओळखून अप्पा घागरीसोबत कागदही घेऊन यायचे. छापील रकाने दिसले की बायका गोळा व्हायच्या. एकदा समोरच्या पारूबाई म्हणाल्या, "अप्पा, माझ्या बी दोन घागरी लिवा."

"ही पाण्याची यादी न्हाई, पारूबाई. ऐका. 'तिनं दार लावलं नाही, नुसतं लोटून घेतलं.' वाक्य साधं हाय, अर्थ लई खोल हाय. कुणी तरी यावं, असं तिला वाटतंय."

"मंग यादी कुणाकडं हाय?" असं विचारत पारूबाई पुढं गेल्या.

मीही काही कमी नव्हतो. शाळामास्तर असून कादंबरी उघडलीही नव्हती. "गुरुजी, तुमाला काय वाटतं?" असं त्यांनी विचारलं की मी म्हणायचो, "अगदी बरोबर." ते कागदाची घडी घालायचे. कौतुक केलं तरी हा माणूस हिरमुसतो, याचा मला रागच यायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदाची कादंबरी वाचली. अप्पांच्या घरी जाऊन तो कागद मागून घेतला आणि दाराच्या वाक्यापुढं शेरा लिहिला, 'पटलं नाही. दाराची कडी मोडल्याचं आधीच्या पानावर आहे.'

अप्पांनी तो तीनदा वाचला.

"ती कडी मागच्या दाराची, गुरुजी," ते म्हणाले. "कवापासनं वाट बघतोय. समदे व्हय म्हणत्यात. न्हाई म्हणायला वाचावं लागतं. बसा."

बाहेर टँकर आला आणि गेला. अप्पा उठले नाहीत. घरात कप एकच होता. तो मला देऊन ते वाटीतून चहा प्यायले. माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी निघालो आणि फाटकापाशी वळून पाहिलं. अप्पांनी दार लावलं नाही, नुसतं लोटून घेतलं. कडी मी येतानाच पाहिली होती. चांगली धड होती.