सासूबाईंच्या गाडीचं झाकण

सासूबाईंनी गाडीची किल्ली जावयाच्या हातात ठेवली. "पाचला येते, मग लेकीला आणायला जाऊ. तोवर इंजिनातलं तेल तेवढं बघून ठेवा," एवढं बोलून त्या बाहेर पडल्या. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलेली बाई! सख्ख्या भावाने एकदा गाडीचं दार धाडकन आपटलं, तर गेली अकरा वर्षं तो बसने येतो. अशा बाईने नव्या जावयाला बॉनेटला हात लावू दिला, म्हणजे परीक्षाच की! आणि जावयाला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

तेलाचं चित्र असलेलं काळं झाकण त्याला सापडलं. फिरवलं, तर जागचं हलेना.

"राहू द्या हो, जावईबापू," सासरे पोर्चमधून म्हणाले. ते मघापासून पेपरचं एकच पान वाचत होते. "तेल काय कुठे पळून जातंय?"

"नाही बाबा, आईंनी सांगितलंय."

"इंजिन गरम असेल. भाजेल हात."

"सकाळपासून उभी आहे गाडी. गार पडलंय."

शेवटी त्याने ओळखीच्या मेकॅनिकला फोन लावला. "कापड धरून डावीकडे फिरवा, हळूहळू. पक्कड अजिबात लावू नका साहेब. प्लास्टिक आहे, तुकडा आत पडला तर इंजिन खोलावं लागेल."

इंजिन खोलावं लागेल! जावयाने हातातली पक्कड खाली ठेवली. त्याने कापड धरून पाहिलं, भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून पाहिलं, गरम पाण्यात पिळलेलं फडकं गुंडाळून पाहिलं. साडेचार वाजले. मग मात्र त्याचा धीर सुटला आणि त्याने पक्कड लावलीच.

कट्ट!

"मेलो!" झाकणाचा कान त्याच्या हातात आला होता. झटक्याने सैल झालेलं उरलेलं झाकण त्याने ओढून काढलं. नशीब, आत काही पडलं नव्हतं. पण झाकणाच्या कडेला हा पिवळा, दगडासारखा थर कसला?

सासरे शेजारी येऊन उभे होते. चेहरा पांढराफटक.

"मीच चिकटवलंय हो," ते कुजबुजले. "तेल घालताना मूळचं गटारात पडलं. भंगारातून दुसरं आणलं, ते बसेना. मग लावला गोंद."

"बाबा!"

"हिला सांगू नका. या वयात मला बसचे धक्के झेपायचे नाहीत."

तेवढ्यात फाटक वाजलं आणि सासरे झटकन घरात सटकले. सासूबाई पंधरा मिनिटं आधीच आल्या होत्या. त्यांनी उघड्या इंजिनाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"तेल बघायला झाकण कशाला काढलंत? ही पट्टी असते ना, ही ओढून बघायचं." त्यांनी बाजूची पातळ पट्टी सर्रकन ओढून दाखवली. जावयाला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मग त्यांनी झाकण उचललं आणि कडेवरून नख फिरवलं. "आणि हा गोंद?"

खरं सांगावं, तर सासऱ्यांचं काही खरं नव्हतं.

"मी... मीच लावला, आई. घट्ट बसावं म्हणून."

सासूबाईंनी नखाने गोंदाची एक कपची उडवली.

"हा गोंद वाळून वर्ष झालं असेल. तुमच्या लग्नाला झालेत तीन आठवडे." आणि त्या चक्क हसल्या. "खोटंही धड बोलता येत नाही तुम्हाला. असेच राहा."

मग त्या घराकडे वळल्या. "अहो! जरा बाहेर या."

आतून नळ सोडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासऱ्यांचा.

"आंघोळीला बसलोय!"